मतांचा हिशेब मागणार कोण?

हल्ली आपल्यात दोन प्रकारचे लोक फार झाले आहेत. निकाल लागला की पहिला म्हणतो, “सगळा घोटाळा आहे, आकडेच सांगतात!” दुसरा म्हणतो, “जनतेचा कौल आहे, हरलेल्यांची रडगाणी कशाला ऐकायची?” यांपैकी एकानेही आपल्या मतदान केंद्राचा फॉर्म १७-सी डोळ्यांनी पाहिलेला नसतो. आणि दोघेही आपल्याच कोजागिरीच्या दुधाला येणारे, चांगले शिकलेसवरलेले!

मी बँकेतला साधा कारकून, बी.कॉम. झालेला. संख्याशास्त्र पदवीपुरते शिकलो, पण ताळा जुळवणे हे रोजचे काम. संध्याकाळी रोकड जुळली नाही तर आम्ही लगेच कुणाला चोर म्हणत नाही आणि ‘चालायचेच’ म्हणून कुलूपही लावत नाही. व्हाउचर काढून बसतो. निवडणुकीच्या आकड्यांनाही हीच शिस्त लावा, एवढेच माझे म्हणणे आहे.

आधी घरचे उदाहरण घेऊ. २०२४ च्या लोकसभा निवडणुकीत आपल्या इंदूरमध्ये ‘नोटा’ला २,१८,६७४ मते पडली आणि विजयी उमेदवाराचे मताधिक्य ११,७५,०९२ होते. दूर कुठेतरी बसलेल्या संख्याशास्त्रज्ञाने हे आकडे इतर मतदारसंघांच्या शेजारी मांडले तर तो खुर्चीतून उठेल. आपण उठत नाही, कारण आपल्याला ठाऊक आहे की काँग्रेसच्या उमेदवाराने २९ एप्रिलला अर्जच मागे घेतला आणि मग त्या पक्षाने नोटाचा प्रचार केला. हा निकाल समजायला यंत्रावर संशय घेण्याची गरज नाही. जे झाले ते यंत्राबाहेर, सर्वांच्या देखत झाले, आणि ते संख्याशास्त्राच्या कुठल्याही चाळणीत अडकणारे नाही. म्हणजे आकडा विचित्र असला म्हणून लबाडी सिद्ध होत नाही, आणि सरळ दिसला म्हणून सगळे आलबेल आहे असेही नाही.

दुसरे खूळ बेनफोर्डच्या नियमाचे. अनेक प्रकारच्या आकडेवारीत १ ने सुरू होणारे आकडे सुमारे ३० टक्के आणि ९ ने सुरू होणारे पाच टक्क्यांहूनही कमी असतात, असा हा नियम. खर्चाच्या खोट्या पावत्या शोधायला तो कधीकधी उपयोगी पडतो, कारण तिथे रकमा दहा रुपयांपासून दहा लाखांपर्यंत पसरलेल्या असतात. मतदान केंद्राचे तसे नाही. केंद्रे मुळातच साधारण एका आकाराची आखलेली असतात. साडेसहाशे लोकांनी मतदान केले आणि एका पक्षाला निम्मी मते मिळत असली, तर त्याचे बहुतेक आकडे २, ३ किंवा ४ नेच सुरू होणार! अमेरिकेत २०२० मध्ये शिकागोच्या आकड्यांवर हाच नियम लावून बायडेन यांच्याविरुद्ध बोंब ठोकली गेली. त्यात काही तथ्य नव्हते. तेव्हा कुणी मोबाईलवर तसला आलेख पाठवला तर पुढे ढकलू नका.

पण म्हणून संख्याशास्त्र कुचकामी आहे असे समजणाऱ्यांनी रशियाकडे पाहावे. तिथे ४ डिसेंबर २०११ रोजी ड्यूमाची निवडणूक झाली. सर्गेई श्पिल्किन नावाच्या भौतिकशास्त्रज्ञाने आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केंद्रवार निकाल मांडून पाहिले. सत्ताधारी पक्षाला इतके टक्के मते देणारी केंद्रे किती, असा आलेख काढला तर तो गुळगुळीत उतरायला हवा. तो नेमका ७५, ८०, ८५ अशा गोल टक्क्यांवर सुळक्यासारखा वर जात होता. खरे मतदार टक्केवारी जुळवून मत देत नाहीत. वरून “८५ आणा” असा हुकूम आला की हाताखालचा माणूस कॅल्क्युलेटर घेतो आणि ८५ टक्क्यांना किती मते लागतात ते काढून तक्त्यात लिहितो. (असे ‘टार्गेट’ ज्यांनी मार्चअखेर सोसले आहे, त्यांना हे निराळे समजावून सांगायला नको.) लहान केंद्रांवर निम्मे किंवा दोन-तृतीयांश असे सोपे अपूर्णांक आपोआपही जुळून येतात. त्याचा हिशेब संगणकावर नमुने काढून वजा केला, तरी सुळके उरलेच.

तरीही हा संशयच झाला. पुरावा आणखी एका मार्गाने आला आणि मला तो फार मोलाचा वाटतो. त्याच निवडणुकीत मॉस्कोच्या ३,१६४ केंद्रांपैकी १५६ केंद्रांवर स्वयंसेवक निरीक्षक बसवले गेले. केंद्रे सोयीने घेतलेली नव्हती, यादीतून ठराविक अंतराने निवडलेली होती. इतरत्र सत्ताधारी पक्षाला सुमारे ४७ टक्के मते मिळाली. जिथे हे निरीक्षक होते तिथे सुमारे ३६. शहर तेच, दिवस तोच, मतदारही तेच. फरक फक्त एवढा की कोपऱ्यात एक माणूस वही घेऊन बसला होता. अकरा टक्के!

पुढचे ऐका. रशियाचा निवडणूक आयोग केंद्रवार निकाल संकेतस्थळावर देत असे, म्हणून ही चोरी सापडली. २०२१ मध्ये त्याने ते आकडे अशा रीतीने मांडले की पडद्यावर दिसावेत, पण संगणकाला थेट उतरवून घेता येऊ नयेत. २०२३ मध्ये श्पिल्किन यांना सरकारने ‘परकी हस्तक’ ठरवले.

आता महाराष्ट्राकडे येऊ, कारण आपले निम्मे भाचे-पुतणे तिकडे आहेत आणि वादही तिकडून घरी येतो. २० नोव्हेंबर २०२४ च्या विधानसभा मतदानात संध्याकाळी ५ ला ५८.२२ टक्के सांगितले गेले आणि अखेरचा आकडा ६६.०५ निघाला. फरक सुमारे ७६ लाख मतांचा. ऐकायला भयंकर वाटते. पण केंद्रे होती सुमारे एक लाख, म्हणजे केंद्रामागे ७६ मते. दिवसभराची सरासरी तासाला ५८ च्या आसपास पडते. वर पाचचा आकडा तात्पुरता कळवलेला असतो, आणि सहाला रांगेत उभा असलेला मतदार मत देऊनच घरी जातो. तेव्हा हे अशक्य नाही. मात्र अशक्य नाही म्हणजे तसेच झाले, असेही नव्हे. त्याचा निकाल १७-सी ची बेरीज करूनच लागेल.

घाई दोन्हीकडे नडते. ऑगस्ट २०२५ मध्ये सीएसडीएसच्या संजय कुमार यांच्यासारख्या जाणकाराने रामटेक आणि देवळालीच्या मतदारसंख्येबद्दल चुकीचे आकडे जाहीर केले. तक्त्याची ओळ चुकली होती, त्यांना माफी मागावी लागली. आरोप फुकट गेला आणि खऱ्या प्रश्नांचेही हसे झाले.

पण आयोगाला मी सोडणार नाही. फॉर्म १७-सी संकेतस्थळावर टाका ही मागणी मे २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयापुढे गेली, तेव्हा उमेदवार व त्यांच्या प्रतिनिधींखेरीज इतरांना तो देण्याचे बंधन नाही आणि आकड्यांशी छेडछाड होऊ शकते, असे आयोगाने सांगितले. मूळ कागद समोर असला तर छेडछाड लगेच उघडी पडते, एवढे आमच्या शाखेतल्या शिपायालाही कळते! आपल्या मध्य प्रदेशाच्या मतदारयाद्या संगणकात शोधता येतील अशा स्वरूपात द्या, ही कमलनाथ यांची मागणी २०१८ मध्ये फेटाळली गेली. डिसेंबर २०२४ मध्ये नियम ९३ बदलून चित्रीकरणासारखी साधने सर्वसामान्यांच्या आवाक्याबाहेर नेली. प्रामाणिक हिशेबनीस असे वागत नाही. त्याने लबाडी केली असे मी म्हणत नाही. पण जो वही झाकतो, त्याला लोकांच्या संशयाची तक्रार करण्याचा अधिकार उरत नाही.

आणि आपण? आपल्या समाजात निवृत्त लेखापाल, बँकवाले, एलआयसीवाले, गणिताचे मास्तर काय थोडे आहेत? पिढ्यान्‌पिढ्या इथल्या दप्तरांचे हिशेब आपण लिहिले. मतदानाच्या दिवशी मात्र सकाळी सातला मत देऊन, बोटाचा फोटो काढून, पोहे-जिलबी खाऊन घरी! केंद्रात एजंट म्हणून बसायला पक्षांना धड माणूस मिळत नाही. जो बसतो तोही पाचच्या सुमारास उठून जातो, जेव्हा खरे काम सुरू व्हायचे असते.

नियम ४९-एस प्रमाणे मतदान संपताच केंद्राध्यक्षाने हजर एजंटांना १७-सी ची साक्षांकित प्रत द्यायची असते. त्यासाठी उमेदवाराकडून फॉर्म १० वर नेमणूक घ्यावी लागते. मोजणीच्या टेबलाशी बसायला फॉर्म १८. पक्ष कोणता, याच्याशी मला कर्तव्य नाही. तुमच्या आवडीचा असेल त्याच्या उमेदवाराकडे आधीच जाऊन फॉर्म मागा. नोटावाल्यांना मात्र ही सोय नाही, त्यांनी दुसऱ्या कुणाच्या तरी खुर्चीवर बसावे. शेवटपर्यंत बसा, प्रत घेतल्याशिवाय उठू नका. मोजणीच्या दिवशी यंत्रावरची एकूण मते त्या प्रतीशी ताडून पाहा, आणि पुढे फॉर्म २० निघाला की आपल्या केंद्राची ओळ त्याच्याशी जुळवा. जुळले तर तसे या पत्रकात छापू, न जुळले तर केंद्र क्रमांकासह छापू.