वाटेवरचे विसावे

घरातील तरुण मंडळी प्रवासाचा बेत आखू लागली की वडीलधाऱ्यांच्या तोंडून एक वाक्य हमखास ऐकू येते, ‘तुम्ही जाऊन या, मी घर सांभाळतो.’ ऐकणाऱ्याला त्यात समंजसपणा दिसतो. जरा मोकळेपणाने विचारले तर मात्र कारण निराळेच निघते. वाटेत लघवीला लागले तर काय करायचे, सारखी गाडी थांबवायला सांगणे बरे दिसते का, गुडघे आखडले तर उतरायचे कसे, आपल्यामुळे मुलांचा खोळंबा होईल, अशा शंका मनात दाटलेल्या असतात आणि त्या बोलून दाखवण्याचा संकोच वाटतो. दोन-तीन वेळा नकार आला की पुढे कोणी आग्रहही करीत नाही. पाहता पाहता वर्षे सरतात आणि एके काळी चार गावांचे पाणी प्यालेल्या माणसाचे जग दोन खोल्या आणि दवाखान्याची वाट एवढ्यावर येऊन ठेपते.

वाचकहो, आज या नकाराविषयीच बोलायचे आहे. मोटारीने केलेला लांबचा प्रवास ज्येष्ठांना झेपत नाही, असा समज सर्रास आढळतो. वास्तविक इतर अनेक प्रवासांपेक्षा तो त्यांना अधिक सोयीचा ठरू शकतो, कारण तो हवा तेथे थांबवता येतो. आगगाडी आणि विमान वेळापत्रकाने बांधलेले असतात. एस.टी. ठरलेल्या थांब्यावरच थांबते. आपली गाडी मात्र आपल्या शब्दात असते. असे असूनही ‘पुण्याहून निघालो ते थेट कोल्हापूर गाठले, मध्ये एकदाच चहा’ असे कौतुकाने सांगण्याची आपल्याकडे रीत पडली आहे. ज्येष्ठांना धास्ती वाटते ती या घाईची.

थांबत जाण्याची रीत महाराष्ट्राला काही नवी नाही. आळंदीहून पंढरपूर मोटारीने काही तासांत गाठता येते. ज्ञानेश्वर माउलींची पालखी त्यासाठी जवळजवळ तीन आठवडे घेते. रोजच्या वाटचालीत सकाळचा विसावा असतो, दुपारचे जेवण असते, पुन्हा विसावा असतो आणि मग मुक्काम. पुणे आणि सासवड येथे तर सहसा दोन-दोन रात्री मुक्काम असतो. सत्तरी ओलांडलेले कितीतरी वारकरी ही वाट पायी चालतात, यामागे श्रद्धेचे बळ आहेच, शिवाय या विसाव्यांची आखणीही आहे. कुटुंबाच्या मोटारप्रवासालाही अशीच आखणी हवी.

उदाहरण म्हणून पुणे ते सावंतवाडी हा प्रवास घेऊ. सातारा, कराड, कोल्हापूर, आजरा आणि आंबोली या मार्गाने हे अंतर पावणेचारशे किलोमीटरांच्या आसपास भरते. तरुण मंडळी ते एका दिवसात कापतात. ज्येष्ठांना बरोबर घेऊन जाताना पहिली रात्र कोल्हापूर, दुसरी आंबोली आणि तिसरी सावंतवाडी अशी वाटणी करावी. प्रकृती अधिक नाजूक असेल तर पहिल्या दिवशी कराडलाच थांबावे. दिवाळीनंतर फाल्गुनापर्यंतचा काळ उत्तम. पावसाळ्यात आंबोलीचे रूप देखणे असते, पण घाटात दाट धुके, निसरडी वाट आणि सुटीच्या दिवशीची गर्दी असते.

निघताना गाडीत बसण्यापासूनच काळजी घ्यावी. एक पाय आत टाकून वाकून शिरण्याचा प्रयत्न केला तर गुडघा आणि कंबर दोन्ही दुखावतात. आधी आसनाकडे पाठ करून बैठक टेकवावी आणि मग दोन्ही पाय एकदम आत घ्यावेत. गाडी उंच असेल तर पायाखाली घेण्यासाठी भक्कम छोटे स्टूल जवळ ठेवावे. मागच्या आसनावर बसणाऱ्यांनीही पट्टा लावावाच. तो काखेखालून न घेता खांद्यावरून घ्यावा आणि कमरेचा भाग पोटावर न येता मांड्यांच्या वर, ओटीपोटाखाली बसवावा.

पहिला विसावा साताऱ्याच्या आसपास येतो. शिरवळला नीरा ओलांडून, खंबाटकीचा घाट चढून-उतरून आलेली गाडी येथे पंधरा-वीस मिनिटे तरी उभी राहू द्यावी. समोर अजिंक्यतारा दिसतो, कंदी पेढ्यांची दुकाने असतात. पण पेढ्याआधी चार पावले चालणे महत्त्वाचे. सलग चार तासांहून अधिक काळ बसून राहिल्यास पायांतील शिरांमध्ये रक्त साकळून गुठळी होण्याचा धोका वाढतो. पूर्वी अशी गुठळी झालेली असणे, नुकतीच शस्त्रक्रिया झालेली असणे, कर्करोग किंवा दीर्घ आजारपण ही कारणे असतील तर तो अधिक असतो. म्हणून दर दीड-दोन तासांनी उतरावे आणि गाडीत बसल्या बसल्याही पावले वर-खाली हलवीत राहावे. प्रवासात किंवा नंतरच्या काही आठवड्यांत एकाच पोटरीला सूज, वेदना किंवा गरमपणा जाणवला तर ती चोळत न बसता लगेच डॉक्टरांना दाखवावे. अचानक धाप लागली किंवा छातीत दुखू लागले तर १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी.

थांबण्याचे दुसरे कारण लघवीचे, आणि त्याविषयी घरात स्पष्ट बोलले गेले पाहिजे. अनेक आजी-आजोबा प्रवासाच्या दिवशी सकाळपासून पाणीच पीत नाहीत. कोणाला त्रास नको, हा त्यामागचा विचार. त्याची किंमत मात्र चक्कर, बद्धकोष्ठ, कधी मूत्रमार्गाचा संसर्ग अशा रूपाने मोजावी लागते. रक्तदाबाच्या गोळ्या चालू असतील तर पाण्याअभावी उठताना तोल जाऊ शकतो. लघवी वाढवणारी गोळी चालू असेल तर प्रवासाच्या दिवशी तिची वेळ पुढे-मागे करता येईल का, हे डॉक्टरांना आधीच विचारावे. ती परस्पर बंद करू नये. हृदय किंवा मूत्रपिंडाच्या विकारामुळे पाण्याचे प्रमाण ठरवून दिले असेल तर तेच पाळावे. खाली बसणे जमत नसेल तर घडीचा कमोड-स्टूल गाडीत ठेवता येतो. शोषक पॅड वापरण्यातही कमीपणा मानू नये. सर्वांत उपयोगी गोष्ट म्हणजे ‘थांबायचे का?’ असे न विचारता कर्त्या माणसाने ‘मला जरा पाय मोकळे करायचे आहेत’ असे म्हणून गाडी बाजूला घ्यावी. मागणाऱ्याचा संकोच त्यामुळे आपोआप वाचतो.

दुपारचा मोठा विसावा कराडला घ्यावा. तेथे कृष्णा आणि कोयना या दोन नद्या समोरासमोरून येऊन भेटतात आणि एक होऊन पूर्वेकडे वळतात. या प्रीतिसंगमाच्या काठी महाराष्ट्राचे पहिले मुख्यमंत्री यशवंतराव चव्हाण यांची समाधी आहे. आज ऐंशीच्या घरात असलेले अनेक जण १ मे १९६० रोजी शाळेत जात होते. त्यांना येथे बसवून ‘त्या दिवशी तुमच्या गावात काय झाले होते?’ एवढेच विचारून पाहावे. घरी बैठकीच्या खोलीत जे कधी निघत नाही, ते नदीकाठच्या बाकावर सहज निघते. नातवंडांना आपल्या आजोबांच्या लहानपणाची ओळख पुष्कळदा अशा वाटेवरच होते.

जेवणाची वेळ मात्र गप्पांत टळू देऊ नये. मधुमेहाची गोळी किंवा इन्सुलिन घेणाऱ्यांना जेवण लांबले तर साखर एकदम उतरण्याची भीती असते. घाम, थरथर, गोंधळल्यासारखे बोलणे ही लक्षणे दिसताच, माणूस शुद्धीवर असेल आणि त्याला नीट गिळता येत असेल तर तीन-चार चमचे साखर किंवा ग्लुकोजची पूड पाण्यातून द्यावी. म्हणून ती गाडीच्या डिकीत न ठेवता हाताशी ठेवावी. शुद्ध हरपत असेल तर तोंडात काही घालू नये, तातडीने मदत मागवावी. इन्सुलिन उन्हात उभ्या केलेल्या गाडीत सोडून जाऊ नये. ते थंड पिशवीत ठेवावे, पण बर्फाला थेट चिकटू देऊ नये. सर्व औषधे दोन दिवस पुरून उरतील एवढी जास्त घ्यावीत आणि त्यांची यादी डॉक्टरांच्या चिठ्ठीसह वेगळी ठेवावी.

कराडहून कोल्हापूरकडे जाताना दोन्ही अंगांना उसाचे मळे लागतात. हंगामात एखादे गुऱ्हाळ चालू दिसले तर जरूर थांबावे. काहिलीत रटरटणाऱ्या रसाचा वास गाडीच्या काचा बंद असताना येत नाही. मधुमेह्यांनी गूळ चाखण्याचा मोह आवरावा. वासाला मात्र पथ्य नाही. याच हंगामात उसाने भरलेल्या ट्रॉल्या रस्त्यावर असतात आणि अंधारात त्या लवकर दिसत नाहीत. तेव्हा सूर्य मावळण्यापूर्वी मुक्कामी पोहोचावे. मोतीबिंदू असलेल्या चालकाला समोरच्या दिव्यांचा झोत फार त्रास देतो, हेही ध्यानात असावे.

मुक्कामाची खोली तळमजल्यावरची किंवा उद्वाहक असलेल्या जागेतील मागून घ्यावी. स्नानगृहाची फरशी निसरडी नाही ना, हे आधी पाहावे आणि रात्री एक मंद दिवा चालू ठेवावा. परक्या जागी रात्री उठून दार चुकणे आणि पडणे, ही प्रवासातील मोठी जोखीम आहे. स्मृतिभ्रंश असलेल्या व्यक्तीला संध्याकाळनंतर नवी जागा अधिक गोंधळात टाकते. तिची नेहमीची चादर, उशी, देवाचा छोटा फोटो सोबत असला तर बराच आधार वाटतो. अशा व्यक्तीसोबत गाडी चालवणारा एक आणि लक्ष देणारा दुसरा, अशी दोन माणसे हवीतच.

दुसऱ्या दिवशी आजऱ्याकडे निघावे. येथील घनसाळ तांदळाचा सुवास प्रसिद्ध आहे; दुपारी त्याचा साधा वरणभात मिळाला तर पोटालाही बरे. आजऱ्याजवळून वाहणारी हिरण्यकेशी आंबोलीला उगम पावते, म्हणजे सकाळी भेटलेल्या नदीच्या माहेरी आपण संध्याकाळी पोहोचतो. आंबोली समुद्रसपाटीपासून सुमारे ६९० मीटर उंचीवर आहे. तेथून सावंतवाडीपर्यंतचा उतार वळणावळणाचा आहे. मळमळ होणाऱ्यांनी पुढच्या आसनावर बसावे, दूरवर नजर ठेवावी, वाचन किंवा मोबाइल टाळावा, काच थोडी उघडी ठेवावी. आल्याचा तुकडा चघळल्याने काहींना बरे वाटते. मळमळीच्या काही गोळ्यांनी वृद्धांना गुंगी येते, तोल जातो आणि पुरःस्थ ग्रंथी वाढलेल्या पुरुषांची लघवी अडू शकते. त्यामुळे त्या विचारल्याशिवाय घेऊ नयेत.

घाट उतरला की हवा बदलते, माडा-पोफळींची सावली सुरू होते. सावंतवाडीत मोती तलावाच्या काठी निवांत बसता येते. लाकडी खेळण्यांच्या दुकानांत रंगीत फळे आणि भातुकलीची भांडी मांडलेली असतात. आपल्या लहानपणची भातुकली हातात घेऊन निरखणारी आजी पाहिली म्हणजे ती घर सांभाळायला मागे राहिली असती तर काय हरवले असते, हे वेगळे सांगावे लागत नाही.

या प्रवासाने संधिवात बरा होत नाही की रक्तदाब उतरत नाही. पण गाडीत दोघे शेजारी बसून एकाच दिशेला पाहत असतात, आणि समोरासमोर बसून जे बोलणे जड जाते ते अशा वेळी हलके होते. मृत्युपत्र, गावाकडची जमीन, जुना अबोला, एकटेपणा, असे विषय पुष्कळदा धावत्या रस्त्यावर निघतात. रात्रंदिवस सेवा करणाऱ्या मुलाला, सुनेला किंवा लेकीलाही आईवडील औषधांच्या वेळापत्रकापलीकडे पुन्हा भेटतात. त्यांच्याही मनाला हा विसावा हवा असतो.

अलीकडे हृदयविकाराचा झटका, पक्षाघात, हाड मोडणे किंवा शस्त्रक्रिया झाली असेल, रक्तदाब वा साखर आटोक्यात नसेल, तर डॉक्टरांची संमती मिळेपर्यंत बेत पुढे ढकलावा. बाकीच्यांनी आधी एक लहान रंगीत तालीम करावी. पुणेकरांना वाई त्यासाठी सोयीची आहे. सकाळी निघावे, वाटेत एकदा थांबावे, कृष्णेच्या घाटावर ढोल्या गणपतीचे दुरून दर्शन घेऊन सावलीत बसावे आणि जेवून उजेडी परत यावे. कोणत्या आसनावर कंबर दुखली, किती वेळाने उतरावेसे वाटले, कोणते स्वच्छतागृह चांगले होते, हे त्याच रात्री वहीत लिहून ठेवावे. पुढच्या मोठ्या प्रवासाचे विसावे त्या वहीवरूनच ठरवावेत, आणि ते ठरवताना आजी-आजोबांनाही शेजारी बसवावे.