गुणा पुन्हा उभा राहतो तेव्हा

धानाची कापणी आटोपली, दिवाळी सरली, की आपल्या झाडीपट्टीत मंडया भरू लागतात. अर्जुनी-मोरगाव, सडक-अर्जुनी, देवरी या बाजूच्या गावांतून रात्र-रात्र नाटके रंगतात आणि कुठेकुठे अजून दंडारही उभी राहते. दंडारीत बाईचे सोंग पुरुषच घेतो. लुगडे नेसून तो फेर धरतो, तेव्हा समोरचे गाव भान हरपून पाहते. आणि सकाळी तोच गडी चहाच्या टपरीवर आला, की त्याच गावातून एखादी शीळ, एखादा शब्द त्याच्या पाठीवर येऊन पडतो. वाचकहो, त्या वेळी आपणही हसला असाल. मीही हसलो आहे.

या हसण्याचे पुढे काय होऊ शकते, हे ज्याने मला दाखवले तो माणूस काल्पनिक आहे. आनंद यादव यांच्या ‘नटरंग’ या १९७८ सालच्या कादंबरीतला गुणा. रवी जाधव यांनी २०१० साली तिच्यावर चित्रपट केला आणि अतुल कुलकर्णी यांनी तो गुणा आपल्यासमोर सदेह उभा केला. मी येथे चित्रपटातल्या गुणाविषयीच बोलतो आहे. अंगापिंडाने पैलवान, पोटासाठी शेतमजूर, मनात तमाशाचे वेड. राजाची भूमिका करण्याचे स्वप्न पाहणाऱ्या या माणसाला फड उभा राहावा म्हणून नाच्या व्हावे लागते. चेष्टा सुरू होते, घर दुरावते आणि एके रात्री काही पुरुष त्याच्यावर लैंगिक अत्याचार करतात.

चित्रपट पाहून बाहेर पडणाऱ्यांपैकी एकाने मला विचारले होते, “एवढा धडधाकट गडी, त्याने प्रतिकार कसा केला नाही?” प्रश्न निर्मळ मनाने विचारलेला होता. परंतु अत्याचारातून वाचलेला प्रत्येक जण हाच प्रश्न स्वतःला वर्षानुवर्षे विचारत असतो, आणि त्याचे खरे उत्तर न मिळाल्यामुळे स्वतःलाच दोषी ठरवतो.

उत्तर शरीराजवळ आहे. जिवावरचे संकट आले, की मेंदू विचार करण्याइतका अवकाश देत नाही. पळणे आणि लढणे हे दोन मार्ग बंद झालेसे वाटले, की शरीर गोठते. हातपाय हलत नाहीत, घशातून आवाज फुटत नाही. कुत्र्याच्या तावडीत सापडलेला ससा निपचित पडतो, तसेच हे. स्टॉकहोम येथे अत्याचारानंतर तातडीने उपचारांसाठी आलेल्या २९८ स्त्रियांचा एक अभ्यास २०१७ साली प्रसिद्ध झाला. त्यांतील ७० टक्के स्त्रियांनी असे ठळकपणे गोठून जाणे अनुभवले होते. गोठणे म्हणजे संमती नव्हे, आणि भित्रेपणा तर नव्हेच. पैलवानाचे शरीरही त्याच हाडामांसाचे असते. अशा प्रसंगी शरीराने नकळत दिलेला कोणताही प्रतिसाद हा इच्छेचा पुरावा नसतो, हेही येथेच स्पष्ट सांगितले पाहिजे. कारण पुरुष आणि मुलगे याच शंकेपायी आयुष्यभर तोंड मिटून बसतात.

मुलगे, हो. केंद्र सरकारच्या महिला व बालविकास मंत्रालयाने २००७ साली प्रसिद्ध केलेल्या बाल-अत्याचारविषयक अभ्यासात निम्म्याहून अधिक मुलांनी कोणत्या ना कोणत्या स्वरूपाचा लैंगिक अत्याचार सोसल्याचे सांगितले होते, आणि त्यांत मुलग्यांची संख्या मुलींहून कमी नव्हती. २०१२ चा पोक्सो कायदा मुलगा आणि मुलगी असा भेद करीत नाही. आपली घरे मात्र करतात. मुलीला आपण जपतो आणि मुलाला “मर्द हो” म्हणतो.

गुणाकडे परत येऊ. तो पुन्हा रंगमंचावर उभा राहतो. पुष्कळांना हा त्याचा पूर्वपदावर येण्याचा क्षण वाटतो. मला तसे वाटत नाही. पूर्वीचा पैलवान परत येतच नाही, आणि तो परत यावा असा हट्ट धरणे हाच बहुधा पहिला अडथळा असतो. ज्युडिथ हर्मन या अमेरिकी मनोविकारतज्ज्ञ विदुषीने १९९२ साली आघातातून सावरण्याचे तीन टप्पे मांडले: प्रथम सुरक्षितता, मग घडलेल्याचे स्मरण आणि गमावलेल्याचा शोक, त्यानंतर माणसांशी पुन्हा नाते. ही वाट सरळ नसते. तिसऱ्या टप्प्यावरचा माणूस एखाद्या वासाने, एखाद्या शिवीने क्षणात पहिल्या टप्प्यावर फेकला जातो. मधला शोकाचा टप्पा आपल्याकडे सर्वाधिक उपेक्षित. “झाले गेले विसर” हे वाक्य आपण मायेने म्हणतो. ऐकणाऱ्याला ते “याविषयी पुन्हा बोलू नकोस” असे ऐकू येते.

स्वतःचा स्वीकार म्हणजे घडलेल्या गोष्टीला होकार नव्हे. लाज करणाऱ्याची होती, ती मी उगाच उचलून आणली, हे उमगणे म्हणजे स्वीकार. गुणाच्या बाबतीत त्यात आणखी एक पदर आहे. ज्या कलेमुळे त्याची विटंबना झाली, तीच त्याला प्रिय आहे. तिला टाकून दिले असते, तर त्या माणसांनी केवळ त्याचे शरीरच नव्हे, त्याचे स्वप्नही नेले असते. तो ते परत घेतो. घर मात्र त्याला परत मिळत नाही, आणि चित्रपटाचा हा प्रामाणिकपणा मला मोलाचा वाटतो.

आपल्या घरात असे कोणी असेल, तर ते बहुधा सांगणार नाही. झोप उडालेली, किरकोळ आवाजाने दचकणे, एकाएकी संताप, दारूत बुडणे, अंगाला कोणी हात लावला की आक्रसणे, एवढेच दिसेल. हे महिन्याहून अधिक काळ टिकले, तर मदत घ्यावी. टेली-मानसचा १४४१६ हा क्रमांक विनामूल्य आहे, अहोरात्र चालतो आणि मराठीतही बोलता येते. अठरा वर्षांखालील मुलामुलींसाठी १०९८ आहे. समोरासमोर बोलायचे असेल, तर गोंदियाच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात मनोविकारतज्ज्ञांविषयी चौकशी करावी. सोबत घरचे कोणी गेले, तर बाहेर थांबायची तयारी ठेवूनच जावे.

आणि कधी एखाद्याने तोंड उघडलेच, तर त्या वेळी “केव्हा, कुठे, का नाही सांगितलेस” यांपैकी काही विचारू नये. “माझा तुझ्यावर विश्वास आहे” एवढे म्हणावे आणि शेजारी बसावे. चहा थंड झाला तर होऊ द्यावा.