टॅपचा फोन : घेणाऱ्याने तपासावा, विकणाऱ्याने सांगावा

आमच्या परिचयाचे एक हिमरू विणणारे कारागीर आहेत. वय साठीच्या पुढे. हातमागावरच्या शाली घेऊन ते दर हिवाळ्यात दोन-तीन प्रदर्शनांत गाळा लावतात. गेल्या हिवाळ्यात एका परदेशी बाईंनी त्यांच्याकडची साडेनऊ हजारांची शाल पसंत केली आणि पैसे देण्यासाठी आपला फोन पुढे केला. चाचांनी क्यूआर कोडची पाटी दाखवली. बाईंचे कार्ड परदेशी बँकेचे, यूपीआय त्यांच्याकडे नाही आणि तेवढी रोकडही नाही. शाल पुन्हा घडी होऊन पेटीत गेली. शेजारच्या गाळेवाल्याने सांगितले, "चाचा, आता फोनला फोन लावून कार्डाचे पैसे घेता येतात. तसला फोन घ्या." चाचांनी गावी परतल्यावर चौदा हजारांचा नवा फोन घेतला. घेताना दुकानदाराला विचारलेही. तो म्हणाला, "यात सगळे चालते." पुढे बँकेचा माणूस ॲप टाकायला बसला तेव्हा कळले की त्या फोनमध्ये टॅपची सोयच नाही. खोका फोडलेला, फोन वापरलेला. दुकानदार परत घेईना. गिऱ्हाईक गेले ते गेलेच, वर चौदा हजार अडकून पडले.

ही एका चाचांची हकिकत नाही. मोबाईलची विक्री आणि दुरुस्ती या धंद्यात आपली कितीतरी तरुण मुले आहेत, आणि त्यांच्या गल्ल्यावर येणारे गिऱ्हाईकही पुष्कळदा आपलेच कारागीर, फेरीवाले आणि किरकोळ दुकानदार असतात. म्हणून या विषयाला दोन बाजू आहेत. घेणाऱ्याने तपासून घेतले पाहिजे आणि विकणाऱ्याने खरे सांगितले पाहिजे.

प्रथम ही सोय काय आहे ते समजून घेऊ. फोन किंवा कार्ड यंत्राजवळ नेताच जो व्यवहार होतो त्यामागे एनएफसी नावाचे तंत्र आहे. फोनच्या आत एक चिप आणि पाठीच्या बाजूला तारेच्या वेटोळ्यासारखा एक पातळ अँटेना असतो. १३.५६ मेगाहर्ट्‌झच्या लहरींवर हे काम चालते आणि त्याचा पल्ला जेमतेम चार सेंटिमीटर असतो. नोकिया, फिलिप्स आणि सोनी या कंपन्यांनी २००४ मध्ये या तंत्रासाठी एकत्र येऊन संघटना स्थापन केली, म्हणजे तंत्र नवे नाही. मात्र चिप आणि अँटेना यांना पैसे पडतात, आणि स्वस्त फोनमध्ये खर्च वाचवायचा असला की कंपन्या पहिल्यांदा अशाच गोष्टींना कात्री लावतात. क्यूआर कोडला यातले काहीच लागत नाही. त्याला फक्त कॅमेरा पुरतो. "माझ्या फोनवर यूपीआय चालते म्हणजे टॅपही चालेल," ही समजूत म्हणूनच चुकीची आहे.

मग तपासावे कसे? काम दोन मिनिटांचे आहे. अँड्रॉइड फोन असेल तर सेटिंग्ज उघडा आणि वरच्या शोधाच्या पट्टीत इंग्रजीत एनएफसी ही तीन अक्षरे टाका. सोय असेल तर ती चालू-बंद करण्याचे बटण समोर येईल. हे बटण बहुधा 'कनेक्टेड डिव्हायसेस' किंवा 'कनेक्शन्स' या सदरात असते. शोधूनही काही आले नाही, तर त्या फोनमध्ये चिप नाही असे समजावे. काही जण पाठीवर छापलेली खूण शोधतात. काही फोनवर ती असते, पुष्कळांवर नसते, तेव्हा खुणेवर विसंबू नये.

बटण दिसले तरी एक परीक्षा आणखी करावी. बटण चालू करा, फोनचे कुलूप उघडा आणि ज्या बँक कार्डावर चार वक्र रेषांची खूण आहे ते कार्ड फोनच्या पाठीवर कॅमेऱ्याच्या खालून हळूहळू सरकवा. अँटेना ठीक असेल तर बहुतेक फोन आवाज करतात किंवा थरथरतात. नव्या फोनपेक्षा जुना फोन घेताना ही परीक्षा फार उपयोगाची आहे.

नवा फोन घेताना खोका फोडण्याआधीच तपास व्हायला हवा. फोनचे नाव पाहून भागत नाही, खोक्यावरचा पूर्ण मॉडेल क्रमांक पाहावा आणि तोच क्रमांक कंपनीच्या संकेतस्थळावर पडताळावा. कारण एकाच नावाचा फोन निरनिराळ्या देशांत निरनिराळ्या रूपात विकला जातो. २०१९ मधले उदाहरण घ्या. रेडमी नोट ८ आपल्याकडे एनएफसीविना विकला गेला आणि युरोपात त्याचाच भाऊ नोट ८टी या नावाने एनएफसीसह आला. कोकणातल्या किती घरांत आखातातून आलेले फोन आहेत हे सांगायला नको. तिकडून आलेल्या फोनमध्ये जी सोय आहे ती इथल्या दुकानातल्या त्याच नावाच्या फोनमध्ये असेलच असे नाही. भाऊ कुवेतमध्ये टॅप करतो म्हणून आपण चिपळूणला तसलाच फोन घ्यावा, हा हिशेब नेहमी जुळत नाही.

आता दुसरी गोष्ट. चिप असणे आणि पैसे देता-घेता येणे यांत अंतर आहे. फोनवरून पैसे द्यायचे असतील तर त्याला पडद्याचे कुलूप लावलेले असले पाहिजे, पैशाच्या ॲपने तो फोन मान्य केला पाहिजे आणि आपल्या बँकेने ते कार्ड त्या ॲपमध्ये भरण्यास परवानगी दिली पाहिजे. ज्या फोनचे सॉफ्टवेअर कोणी फोडून बदलले आहे, ज्याला आपली मुले 'रूट केलेला' म्हणतात, त्यावर चिप शाबूत असूनही टॅपचे व्यवहार सहसा नाकारले जातात. आयफोनमध्ये २०१४ च्या आयफोन ६ पासून ही चिप आहे, पण आपल्या बँकेचे कार्ड त्यात भरता येते की नाही हा निराळा प्रश्न आहे. तो बँकेलाच विचारावा.

पैसे घ्यायचे असतील तर फोनच कार्डाचे यंत्र होतो. त्यासाठी बँकेचे किंवा पेमेंट कंपनीचे खास ॲप आणि व्यापारी म्हणून नोंदणी लागते. फोन घेण्याआधी बँकेत जाऊन विचारा, "तुमचे ॲप कोणत्या फोनवर चालते?" परदेशी कार्डे हवी असतील तर ती त्यावर चालतात का, हेही विचारा. चाचांचा क्रम उलटा झाला. त्यांनी फोन आधी घेतला आणि बँकेला मागाहून विचारले.

येथे कोणी विचारील की हा खर्च आपल्या सर्वांना आवश्यक आहे काय? आमचे स्पष्ट मत असे की, नाही. यूपीआय २०१६ पासून आहे आणि क्यूआर कोडच्या एका कागदावर आज भाजीवालाही धंदा करतो. साध्या बटणाच्या फोनवरही मार्च २०२२ पासून यूपीआय १२३पे या नावाने पैसे पाठवता येतात. ज्याचे गिऱ्हाईक मोहल्ल्यातले आहे, त्याने केवळ टॅपसाठी नवा फोन घेणे ही उधळपट्टी आहे. ज्याचे गिऱ्हाईक परदेशी आहे किंवा मोठ्या रकमा कार्डाने देणारे आहे, त्याने मात्र जरूर विचार करावा. औरंगाबादेत, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरात, वेरूळ-अजिंठ्याच्या वाटेवर हिमरू आणि बिदरी विकणारे, प्रदर्शनात गाळा लावणारे, आणि मिरजेचे सतार-तंबोरा बनवणारे कारागीर या वर्गात येतात. मिरजेच्या वाद्यांना २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. बाहेरचे गिऱ्हाईक दारात आले आणि पैसे घेण्याची सोय नाही म्हणून परत गेले, तर त्या मानांकनाचा घरच्या चुलीला काय उपयोग?

खर्चाचा हिशेबही आधी मांडावा. बँक खात्यातून होणारे यूपीआय आणि रुपे डेबिट कार्ड यांवर व्यापाऱ्याकडून शुल्क घेणे १ जानेवारी २०२० पासून बंद झाले. इतर डेबिट कार्डांसाठी रिझर्व्ह बँकेने १ जानेवारी २०१८ पासून मर्यादा घातली. वर्षाला वीस लाखांपर्यंत उलाढाल असलेल्या व्यापाऱ्याला यंत्रावरच्या व्यवहाराला जास्तीत जास्त ०.४० टक्के, म्हणजे दहा हजारांवर चाळीस रुपये. क्रेडिट कार्डाला आणि परदेशी कार्डाला यापेक्षा जास्त कापले जाते. ते किती, हे बँकेकडून लिहून घ्यावे आणि मालाची किंमत ठरवताना ध्यानात ठेवावे.

टॅपविषयी पुष्कळांच्या मनात भीती आहे की, गर्दीत कोणी खिशाला यंत्र लावून पैसे काढील. या भीतीत थोडे तथ्य आहे आणि बरीच अतिशयोक्ती आहे. कार्डावर पिन न टाकता टॅप करण्याची मर्यादा १ जानेवारी २०२१ पासून पाच हजार रुपये आहे. कार्डाची टॅपची सोय चालू किंवा बंद ठेवण्याचा अधिकार रिझर्व्ह बँकेच्या २०२० च्या नियमाने आपल्या हाती दिला आहे. वापर नसेल तर बँकेच्या ॲपमधून ती बंद ठेवावी. फोनमध्ये भरलेल्या कार्डाचा खरा क्रमांक दुकानदाराच्या यंत्राकडे जात नाही, त्याऐवजी बदली क्रमांक जातो. खरा धोका निराळाच आहे. २०२४ मध्ये चेक प्रजासत्ताकात एक लबाडी उघडकीस आली. बँकेच्या नावाने लोकांना बनावट ॲप टाकायला लावायचे, मग त्यांचेच कार्ड त्यांच्याच फोनच्या पाठीला लावायला सांगायचे, पिन काढून घ्यायचा आणि दुसरीकडे एटीएममधून पैसे उचलायचे. तेव्हा कोणी अनोळखी माणूस फोनवरून "पडताळणीसाठी कार्ड मोबाईलला लावा" म्हणाला, तर सरळ फोन बंद करावा. वर सांगितलेली परीक्षा आपण स्वतः, आपल्या हाताने, कोणतेही नवे ॲप न टाकता करायची आहे.

आता मोबाईलच्या दुकानात बसणाऱ्या आपल्या मुलांशी दोन शब्द. बेटा, गिऱ्हाईक विचारते तेव्हा "सगळे चालते" हे उत्तर नव्हे. मालातली उणीव गिऱ्हाइकाला सांगितल्याशिवाय माल विकू नये, ही पैगंबर मुहम्मद (स.) यांची शिकवण आहे, आणि ते स्वतः व्यापार केलेले होते. फोनमध्ये एनएफसी नसणे हा काही दोष नव्हे, पण ज्याला तेच हवे आहे त्याच्यापासून ते लपवणे हा दोष आहे. बिलावर मॉडेल क्रमांक लिहावा आणि शेजारी 'एनएफसी आहे' किंवा 'नाही' एवढे दोन शब्द टाकावेत. कुरआनच्या सूरह बकराच्या २८२ व्या आयतीत उधारीचा व्यवहार लिहून ठेवण्याचा आणि साक्षीदार ठेवण्याचा आदेश आहे. व्यवहारात लेखी शब्दाला किती मोल आहे, हे आपल्याला दुसऱ्या कोणी शिकवण्याची गरज नाही.

दुरुस्ती करणाऱ्यांवर तर जबाबदारी अधिकच आहे. सॅमसंगच्या गॅलेक्सी एस ३ आणि एस ४ या जुन्या फोनमध्ये एनएफसीचा अँटेना बॅटरीलाच चिकटवलेला असे. नकली बॅटरी टाकली की फोन चालायचा, पण टॅप कायमचा जायचा, आणि मालकाला पत्ताही लागायचा नाही. आजच्या पुष्कळ फोनमध्ये हा अँटेना मागच्या झाकणाच्या आतल्या बाजूला असतो. बॅक पॅनल बदलताना तो तुटतो, किंवा परत बसवायचा राहून जातो. फोन गिऱ्हाइकाच्या हाती देण्याआधी एक कार्ड लावून पाहायला किती वेळ लागतो?

क्रेडिट कार्डाविषयीही सांगितले पाहिजे. टॅप हे केवळ साधन आहे. ते हलालही नाही आणि हरामही नाही. त्यामागे पैसा कोणता आहे हे पाहावे. डेबिट कार्डाचा पैसा आपल्या खात्यातला असतो. क्रेडिट कार्डाचे देणे मुदतीत पूर्ण फेडले नाही की त्यावर व्याज चढते, आणि सुदाच्या फेऱ्यात अडकलेल्या कारागिराची अवस्था आपण घरोघरी पाहिली आहे. हात पुढे करताच पैसे जातात तेव्हा खर्चाची जाणीवही कमी होते. म्हणून फोनमध्ये कार्ड भरायचेच तर डेबिट कार्ड भरावे, हे आमचे मत.

चाचांचा तो फोन आता त्यांचा नातू वापरतो. त्यांनी नंतर बँकेत विचारून, क्रमांक पडताळून, बाजारातून एक जुना पण चांगला फोन सहा हजारांत घेतला. दुकानातच स्वतःचे कार्ड त्याच्या पाठीवर सरकवले, आवाज ऐकला आणि मगच पैसे मोजले. पहिल्या वेळी हीच दोन मिनिटे काढली असती तर चौदा हजार वाचले असते. आपल्या बांधवांनी ती आधीच काढावीत. फोन विकणाऱ्या आपल्या मुलांनी ती गिऱ्हाइकाला द्यावीत. रिज्कमध्ये बरकत खऱ्या बोलण्याने येते, आणि इन्शाअल्लाह असे गिऱ्हाईक पुन्हा त्याच दुकानात येते.