नोंदवहीतून सुटलेले माजी विद्यार्थी

साताऱ्याचे सैनिक स्कूल 23 जून 1961 रोजी सुरू झाले. देशातील हे पहिले. तेथे शिकलेले कर्नल संतोष महाडिक 17 नोव्हेंबर 2015 रोजी कुपवाड्यात धारातीर्थी पडले, तेव्हा सारा जिल्हा हळहळला. अशा विद्यार्थ्याचा शाळेला अभिमान वाटावा, हे रास्तच आहे. प्रश्न आहे तो इतरांचा. बी.ए.चे पहिले वर्ष अर्धवट टाकून भरतीच्या रांगेत उभा राहिलेला आणि पुढे शिपाई म्हणून सीमेवर कामी आलेला मुलगा कोणत्या महाविद्यालयाचा माजी विद्यार्थी? बहुधा कोणत्याच नाही. पदवी नाही, म्हणून मेळाव्याचे निमंत्रण नाही, आणि भिंतीवर नावही नाही.

माण, खटाव, जत, आटपाडी या अवर्षणी तालुक्यांत सैन्यभरती ही देशभक्तीइतकीच पोटाचीही बाब आहे. असे म्हटल्याने त्या मुलांच्या शौर्याला उणेपणा येत नाही. उणेपणा येतो तो आपल्या अर्थव्यवस्थेला. कर्मवीर भाऊराव पाटलांनी 1947 साली साताऱ्यात महाविद्यालय काढले आणि 'कमवा व शिका'च्या बळावर शेतकऱ्याचे पोर उच्च शिक्षणाच्या दारात आणले. परंतु दोन हंगाम बुडालेल्या घराला पदवीची तीन वर्षे थांबणे परवडत नाही. लष्कराला जवान पुरवणारा वर्ग तो हाच.

ही रीत जुनी आहे. साताऱ्याजवळच्या अपशिंगे गावाच्या नावापुढे 'मिलिटरी' हा शब्द कायमचा चिकटला. पहिल्या महायुद्धात मेलेल्या तेथील जवानांचा आकडा 46 सांगितला जातो. त्याच युद्धासाठी 10 जून 1918 रोजी मुंबईत परिषद भरली. स्वराज्याचा विषय काढताच गव्हर्नर विलिंग्डनने टिळकांना अडवले आणि टिळक सभात्याग करून निघून गेले. वर्षभराने सांगलीत निघालेल्या महाविद्यालयाला या गव्हर्नरचेच नाव मिळाले, आणि ते अद्याप चालू आहे. माणसे मागणाऱ्याचे नाव टिकले!

2022 च्या अग्निपथ योजनेने या हिशेबात भर घातली. चार वर्षांनंतर शेकडा 25 पर्यंतच जवान कायम करायचे, बाकीचे घरी. आणि सेवेत मृत्यू आला तर घरच्यांना एकरकमी भरपाई, पण नियमित जवानाच्या कुटुंबाला मिळणारे आजन्म निवृत्तिवेतन मात्र नाही. म्हणजे अर्धवट सुटलेल्या शिक्षणाची किंमतही घरच्यांनीच सोसायची.

आमची मागणी साधी आहे. दोन्ही जिल्ह्यांतील महाविद्यालयांनी आपल्या जुन्या प्रवेश-नोंदवह्या काढाव्यात, जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयांकडील याद्यांशी त्या ताडून पाहाव्यात, आणि एक वर्ष शिकलेल्यालाही माजी विद्यार्थी मानावे. राष्ट्रीय सेवा योजनेच्या मुलांना एका शिबिरात हे काम उरकता येईल; खर्च म्हणाल तर चहापाण्याचा. मात्र नोंदवहीत जे नाही ते वर्गमित्रांनाच ठाऊक असते, आणि 1962 साली अठरा वर्षांचा असलेला वर्गमित्र आज ऐंशी ओलांडून गेला आहे. त्याला विचारायचे तर याच सत्रात विचारले पाहिजे.