संगणकाच्या मेनूवर मालकी कुणाची?

संगणकाच्या पडद्यावर कोणती आज्ञा कोणत्या शब्दात आणि कोणत्या जागी असावी, हा काय साप्ताहिकाच्या पानावर चर्चिण्याचा विषय आहे, असे काही साथी विचारतील. माझ्या मते हा निखालस श्रमाचा प्रश्न आहे.

'फाइल', 'एडिट', 'सेव्ह' हे शब्द बहुतेक प्रोग्रॅममध्ये ठरलेल्या जागी सापडतात, ही गोष्ट आपोआप घडलेली नाही. ॲपलने १९८४च्या मॅकिंटॉशपासून आणि आयबीएमने १९८७ साली त्यासाठी नियम घालून दिले. कंपन्यांना त्यात औदार्य दाखवायचे नव्हते. शिकलेला कारकून दुसऱ्या प्रोग्रॅमवर लवकर रुळतो, हा साधा हिशेब होता. मात्र ते शिकणे कोणाच्या वेळातून झाले, याची नोंद कोणत्याच ताळेबंदात नाही.

ती नोंद एकदा न्यायालयात झाली. 'लोटस १-२-३' या हिशेबाच्या प्रोग्रॅममध्ये ४६९ आज्ञा पन्नासहून अधिक मेनूंत विभागलेल्या होत्या. बोरलँड कंपनीने आपल्या 'क्वात्रो' प्रोग्रॅममध्ये तेच शब्द त्याच क्रमाने वापरण्याची सोय ठेवली, म्हणजे लोटसवर तयार झालेल्या माणसाला सगळे नव्याने शिकावे लागू नये. लोटसच्या प्रोग्रॅमचा मूळ मजकूर बोरलँडने उचलला नव्हता. तरीही १९९० साली लोटसने दावा लावला. खालच्या न्यायालयाने लोटसची बाजू उचलून धरली. १९९५ साली अपील न्यायालयाने ती फेटाळली. आणि १९९६ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात चार विरुद्ध चार अशी मते पडल्याने अपिलाचा निकाल कायम राहिला. अपिलातील एक न्यायमूर्ती बूडिन यांनी स्वतंत्र मतपत्रात मर्म सांगितले: मेनू शिकण्यात ग्राहकांनीही गुंतवणूक केलेली असते, आणि त्या मेनूची मक्तेदारी एका कंपनीला दिली तर ते ग्राहक तिचे बंदी होतील. हे कोणा समाजवाद्याचे भाषण नव्हे!

पण कायद्याने मेनूला कुंपण घालता आले नाही, म्हणून तो मोडण्याचे स्वातंत्र्य कंपनीला उरतेच. मायक्रोसॉफ्टने 'ऑफिस २००७'मध्ये वर्ड आणि एक्सेलचे जुने मेनू काढून तेथे 'रिबन' बसवली. जुने रूप परत घेण्याची सोय ठेवली नाही. २०१२च्या विंडोज ८मध्ये 'स्टार्ट'चे बटण गेले आणि ओरड झाल्यावर पुढच्याच वर्षी परत आले. प्रगतीचे भाट म्हणतील, नवे उत्तम असते. असेलही. परंतु कारकुनांच्या हातातील सवय एका रात्रीत कवडीमोल करायची आणि त्याची भरपाई कोणी करायची नाही, ही कुठली प्रगती?

आपल्या बाजूनेही फुशारकी नको. मुक्त सॉफ्टवेअरच्या 'ग्नोम'ने २००२ साली चांगली नियमावली केली आणि २०११ साली स्वतःच पडद्याची घडी विस्कटली. मराठीत तर एके ठिकाणी 'जतन करा', दुसरीकडे 'साठवा'. तलाठी कार्यालयातील माणसाने दोन्ही एकच समजायचे!

म्हणून मागणी साधी आहे. सरकारी खरेदीच्या निविदेतच अट घाला: मेनू बदलला तर जुना मेनू किमान पाच वर्षे निवडता आला पाहिजे, मराठी आज्ञांची एकच यादी, ती रोज वापरणाऱ्या कर्मचाऱ्यांना विचारून केलेली, सर्व पुरवठादारांवर बंधनकारक असली पाहिजे, आणि नव्याने शिकण्याचे तास कामाच्या वेळेत, पगारी धरले पाहिजेत. कर्मचारी संघटनांनी हा मुद्दा आपल्या मागणीपत्रात अद्याप घेतलेला नसेल, तर तो घ्यावा.