नशीब म्हणण्याआधी...

२४ मार्च २०२२, इटलीतलं पालेर्मो. वर्ल्ड कप पात्रतेचा प्लेऑफ सामना. एकीकडे आठ महिन्यांपूर्वीच युरो कप जिंकलेला इटलीचा संघ, दुसरीकडे जेमतेम वीस लाख वस्तीचा उत्तर मॅसेडोनिया. इटलीने गोलसाठी तब्बल ३२ प्रयत्न केले, हाती भोपळा. आणि ९२व्या मिनिटाला अलेक्झांडर ट्रायकोव्हस्कीने लांबूनच एक फटका मारला. खेळ खल्लास!

नशीब म्हणताय? मग वर्षभर आधी त्यांनी जर्मनीला जर्मनीतच २-१ हरवलं, तेही नशीबच का? दीड तास बचाव करून पाय गळालेले असताना शेवटच्या चेंडूसाठीही तयार राहणं, याला नशीब नाही म्हणत, राव!

पुढे पाचच दिवसांत पोर्तुगालने त्यांना २-० हरवलं. वर्ल्ड कप हुकला. ‘मग उपयोग काय?’ हा आपल्या घराघरातला लाडका प्रश्न. कॉलेजच्या टीमने तगड्या टीमला लोळवलं आणि फायनल गमावली, की आपणही तेच विचारतो. तुम्ही नका विचारू. कप एकालाच मिळतो. पण ‘यांनाही हरवता येतं’ हे एकदा कळलं, की ते कुणीच काढून घेऊ शकत नाही.