भूमिपुत्र कोणाला म्हणावे?

गोवा विधानसभेने ३० जुलै २०२१ रोजी ‘भूमिपुत्र अधिकारिणी विधेयक’ संमत केले. तीस वर्षे गोव्यात राहिलेल्या माणसाला ‘भूमिपुत्र’ ठरवावे आणि १ एप्रिल २०१९ पूर्वी बांधलेल्या, २५० चौरस मीटरपर्यंतच्या घराची मालकी त्याला मिळण्याची वाट मोकळी करावी, असा त्याचा गाभा होता. विरोध जेवढा तरतुदींना झाला, तेवढाच त्या एका शब्दाला. भूमिपुत्र तर आम्ही, असे आदिवासी समाजांनी बजावले. गावडा, कुणबी, वेळीप यांना अनुसूचित जमातीचा दर्जा मिळायला २००३ साल उजाडले होते. आणि इथे तीस वर्षांच्या वास्तव्यावर कोणीही त्यांच्या पंक्तीला बसणार होता! मुख्यमंत्र्यांनी तो शब्द वगळण्याची तयारी दाखवली, पण पुढे विधेयकच मागे पडले.

एका शब्दाने एवढे रण का माजावे? कारण गावातल्या जुन्या माणसासाठी वापरला जाणारा प्रत्येक शब्द हा नुसता शब्द नसतो, तो हक्काचा दावा असतो. आपल्याकडे हे आजचे नाही. मराठेशाहीतल्या गावात जमिनीवर वंशपरंपरेचा हक्क असलेला तो मिरासदार किंवा थळकरी, आणि दुसऱ्याची वा सरकारची जमीन मुदतीने कसणारा तो उपरी. दुष्काळात परागंदा झालेला मिरासदार वर्षांनी परतला तरी मिरासदारच. उलट उपऱ्याच्या दोन पिढ्या त्याच शिवारात राबल्या तरी तो उपरीच. म्हणजे प्रश्न ‘किती वर्षे राहिलात’ हा नव्हताच. ‘जमीन कोणाची’ हा होता. गोव्यातही गावाचे मूळ वसाहतकार मानल्या गेलेल्या घराण्यांचे वंशज ते गावकार; त्याच गावात पिढ्यान्‌पिढ्या नांदणारे बाकीचे गावकार नव्हेत.

जमिनीऐवजी वर्षे मोजण्याची रीत आली ती नोकऱ्यांबरोबर. निजामाच्या हैदराबाद संस्थानात, म्हणजे आपल्या मराठवाड्यातही, पंधरा वर्षांच्या वास्तव्यावर माणूस ‘मुल्की’ ठरे, बाकीचे गैरमुल्की. या एका भेदावरून १९५२ साली हैदराबादेत आंदोलन पेटले, गोळीबार झाला, आणि पुढे तेलंगणाच्या राजकारणात हा शब्द कित्येक वर्षे धुमसत राहिला. आपल्याकडचा अधिवासाचा दाखला हा त्याच जातीचा. त्यातही अट पंधरा वर्षांची.

या सगळ्यांत मला मराठी माणसाचा ‘कर’ हा प्रत्यय फार समंजस वाटतो. चिपळुणात कोणी कोणाला चिपळूणकर म्हणून ओळखत नाही. ते नाव उपयोगी पडते गाव सोडून दुसरीकडे गेल्यावर. म्हणजे ज्या आडनावाने आपण मूळ सांगतो, ते स्थलांतराची खूण आहे. ‘मूळ पुणेकर’ म्हणून मिरवणाऱ्या कित्येक घराण्यांची आडनावे कोकणातल्या गावांची साक्ष देतात, ती यामुळेच. आयुष्य बँकेत गेल्यामुळे ‘कायमचा पत्ता’ हा रकाना मी हजारो वेळा पाहिला आहे. मुंबईतल्या एकाच खोलीत चाळीस वर्षे काढलेला गिरणी कामगारही तिथे गावचे घर लिहायचा. तो मुंबईचा नव्हता, असे कोण म्हणेल?

मात्र म्हणून ‘सगळेच उपरे, तेव्हा स्थानिक कसला?’ असे म्हणून हात झटकणे हा शहाणपणा नव्हे. नवी मुंबईसाठी ठाणे आणि रायगड जिल्ह्यांतल्या ९५ गावांची जमीन घ्यायचे ठरले. जानेवारी १९८४ मध्ये उरण तालुक्यात दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली आंदोलन झाले. पोलिसांच्या गोळीबारात पाच जणांनी प्राण गमावले. पुढे संपादित जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित भूखंड परत देण्याची योजना आली. तिथला आगरी-कोळी माणूस भाषणात ‘भूमिपुत्र’ असतो आणि फायलीत ‘प्रकल्पग्रस्त’. शहर येण्यापूर्वी त्याला या दोन्ही शब्दांची गरज नव्हती. गरज पडली ती पायाखालची जमीन निघाल्यावर.

इथेच खरी मेख आहे. जमिनीवर हक्क मोजला, की ज्याच्या नावावर सातबारा नाही तो शेतमजूर, तो मिठागरावरचा कामगार, पिढ्यान्‌पिढ्यांचा रहिवासी असूनही मागे पडतो. वर्षांवर मोजला, की ज्याच्याकडे जुनी भाडेपावती, वीजबिल, शाळेचा दाखला आहे तो पुढे जातो. आणि हे कागद सर्वांत कमी असतात ते बहुधा सर्वांत जुन्या आणि सर्वांत गरीब माणसाकडेच.

तेव्हा एकाच शब्दाच्या गाठोड्यात सगळे हक्क बांधू नयेत. तीस वर्षे राहत्या घरातून माणसाला हुसकू नये, हा घराचा प्रश्न. तो तसाच मांडावा, त्यासाठी त्याला भूमिपुत्र करण्याचे कारण नाही. जमीन गेलेल्याला मोबदला आणि पुनर्वसन हा वेगळा प्रश्न. त्या जमिनीवर राबून पोट भरणाऱ्या भूमिहीनाचा तिसरा. आणि आदिवासींचा प्रथमपणाचा मान हा चौथा. चौघांची उत्तरे वेगवेगळी आहेत. ती एका शब्दात कोंबली, की शब्दासाठी भांडण होते आणि ज्याला खरोखर छप्पर हवे होते, तो तसाच उघड्यावर राहतो.